वास आहे

"मांजर," फोनवरची बाई म्हणाली. "मांजर मुतून गेल्यासारखा वास येतो. आणि आमच्या घरात मांजर नाही."

चारुदत्त टिपणिसांनी वहीत लिहिलं, मांजर. त्या सोमवारी सकाळपासून आलेल्या तक्रारी वर एकाखाली एक उतरल्या होत्या. ओला कुत्रा. रॉकेल. मेणाचे खडू. एका म्हाताऱ्याने 'माझ्या मेव्हण्याच्या गाडीसारखा' असं सांगितलं होतं, तेही त्यांनी तसंच लिहून घेतलं होतं.

"पिशवी उघडल्याबरोबर येतो, की स्टोव्ह पेटवल्यावर?"

"पिशवीतूनच. सगळं तळघर भरलंय."

"मग पिशव्या गॅरेजमध्ये हलवा, मॅडम. दार थोडं उघडं ठेवा. आठवड्याभरात वास उडून जाईल. लाकूड ताजं आहे, बाकी काही नाही."

बाईंनी आभार मानले. टिपणिसांनी फोन ठेवला आणि नाकाच्या मुळाशी दोन बोटं दाबून डोळे मिटले. निम्मा जानेवारी संपला होता. हे उत्तर आपण आजवर किती जणांना दिलं, ते मोजणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. उत्तर खरं होतं, एवढंच समाधान.

२००५ च्या सप्टेंबरात तेलाचे भाव भडकले, तसे पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात घरोघर पेलेटचे स्टोव्ह आले. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्याएवढ्या कांड्या. पिशवी फोडून स्टोव्हच्या टाकीत ओतली की त्या आपोआप थोड्या थोड्या आगीत पडत राहतात आणि घर उबदार राहतं. थंडी पडायच्या आत गावातले स्टोव्ह दुप्पट झाले. नोव्हेंबरात दुकानांसमोर पिशव्यांसाठी रांगा लागल्या. टिपणीस जिथे कामाला होते, तो डेलचा पेलेटचा कारखाना लहान. इतकी वर्षं आसपासच्या लाकूडगिरण्यांतला ओक आणि मेपलचा भुसा त्याला पुरत होता, तो पुरेनासा झाला. मग दक्षिणेकडून ट्रकच्या ट्रक भरून पाइनचा भुसा आला. ताज्या पाइनमध्ये तेल असतं. तो भुसा गरम दाबून लगेच पिशवीत भरला की आतल्या आत ते तेल खवट होतं.

"सहा आठवडे भुसा उघड्यावर पडू दे, मग दाब," टिपणिसांनी डेलला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

डेल हसला होता. "चार्ली, लोकांना गुरुवारी हवंय."

कारखान्यात त्यांना सगळे चार्ली म्हणत. पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात एक टेबल, ओलावा बघायची छोटी भट्टी, चाळण्या, वजनकाटा आणि टेलिफोन, याला 'लॅब' म्हणत. त्या लॅबमध्ये ते एकटेच. तपासणीही त्यांची आणि तक्रारीही त्यांच्याच.

वासाशी त्यांचं नातं जुनं होतं. मुंबईला शिवडीच्या तेलाच्या कारखान्यात त्यांनी बारा वर्षं काढली होती. तळहातावर तेलाचा थेंब घ्यायचा, दुसऱ्या तळव्याने चोळून गरम करायचा आणि ओंजळ नाकाशी न्यायची. यंत्राच्या आधी टिपणिसांचं नाक सांगायचं की माल खवटायला लागला. बहिणीने बोलावून घेतलं म्हणून १९८८ साली ते बायकोला, नीलाला घेऊन अमेरिकेत आले. इथे कागदाच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं गेली. मग गिरणी बंद पडली. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण कुणाला नोकरी देतं? डेलने दिली. पगारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे नोकरीबरोबर हेल्थ इन्शुरन्स आला. नीलाला संधिवात होता. दर आठ आठवड्यांनी दोन तासांवरच्या हॉस्पिटलात नेऊन तिला सलाइनमधून औषध द्यावं लागे. ते मिळालं की तिची बोटं वळत, वेणी घालता येई. एरवी साधी बरणी उघडायची तर ती नवऱ्याची वाट बघत बसे. ते औषध इन्शुरन्सशिवाय घेण्याचा विचारही करण्यासारखा नव्हता.

फोन पुन्हा वाजला.

"टिपणीस का? मी वसुधा गोरक्षकर बोलतेय."

टिपणीस खुर्चीत जरा सावरून बसले. आख्ख्या काउंटीत, म्हणजे त्या जिल्ह्यात, त्यांच्याखेरीज मराठी घर हे एवढंच. वसुधाताईंचे यजमान, डॉक्टर पुरुषोत्तम, तिथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं सर्जन होते. तीन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून टेकडीवरच्या मोठ्या घरात शहात्तर वर्षांच्या वसुधाताई एकट्याच राहत होत्या.

"तुमच्या पेलेटना वास येतोय हो."

"हो, ताई. यंदा पाइन वापरलंय ना, त्याचं तेल खवट..."

"खवट मला कळतं. पन्नास वर्षं स्वयंपाक केलाय. हा खवट नाही. वशाट आहे. जळकी मासळी, आणि वर डोळ्यांना झोंबणारं काहीतरी."

टिपणिसांचं पेन थांबलं. दोन महिने लोक त्यांना कुत्री-मांजरं आणि गाड्या सांगत होते. इतक्या दिवसांत वासाचं नेमकं नाव पहिल्यांदाच कुणीतरी घेतलं होतं.

"पेटवल्यावर येतो?"

"पेटवल्यावर जास्त. म्हणून मी पेटवतच नाही. अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस? ताई, बाहेर काय थंडी आहे!"

"बेडरूममध्ये छोटा हीटर आहे. ते राहू द्या. शनिवारी अनय येतोय, मला न्यायला. त्याआधी तुम्ही एकदा या. फोनवर सांगून नाही भागायचं."

*

बुधवारी दुपारी टिपणीस टेकडी चढून गेले. वसुधाताईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात ओव्हरकोट होता आणि डोक्याला लोकरीची टोपी. घरात बोलताना तोंडातून वाफ येत होती. सोफ्यावरच्या उशा नीट लावलेल्या, टेबलावर धुळीचा कण नाही आणि सगळं घर तळघरासारखं गार.

"कोट काढू नका," त्या म्हणाल्या. "चहा करते, तो मात्र गरम मिळेल."

चहा होईतो त्यांनी सगळं सांगितलं. ऑक्टोबरात एकदा गॅस चालू राहिला होता. अनय नेमका त्याच वेळी आलेला होता, त्याने पाहिलं. पुढच्या महिन्यात हायवेवर त्यांचा एक्झिट चुकला आणि त्या चाळीस मैल पुढे गेल्या. ते त्यांनी स्वतःच फोनवर हसत हसत सांगितलं, तिथेच चूक झाली. अनय दूर दक्षिणेत अल्फारेटाला राहतो, तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने फोन करून करून स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायला लावली.

"डॉक्टर म्हणाला, कागदावर घड्याळाचं चित्र काढा, त्यात अकराला दहा कमी वाजवा. काढलं. वर्ल्ड हा शब्द उलटा सांगा म्हणाला. सांगितला. पास झाले म्हणायची." त्यांनी कपात चहा ओतला. हात अजिबात हलत नव्हता. "मग हा वास सुरू झाला. मी अनयला सांगितलं. त्याने स्टोव्हवाला पाठवला. त्याने स्टोव्ह साफ केला, आपल्या गाडीतली पेलेट टाकून पेटवून बघितला. वास नाही. शेजारच्या रॉनला बोलावलं. तो दिवसाला दोन पाकिटं ओढतो, त्याला काय येणार? तोही म्हणाला, नो स्मेल."

"मग?"

"मग अनयने कुठेसं वाचलं की नसलेले वास येणं हे डोकं बिघडत चालल्याचं लक्षण असतं." त्यांनी कप पुढे सरकवला. "एकदा गॅस राहिला, मान्य. पण म्हणून माझं नाकही खोटं झालं का हो?"

टिपणीस उठले, कोपऱ्यातल्या पिशवीतून स्टोव्हची टाकी भरली आणि बटण दाबलं. आत कांड्या खुळखुळत पडू लागल्या. पाचएक मिनिटांनी ज्योत धरली. दोघं कोट घालून स्टोव्हसमोर उभी राहिली.

आधी पाइनचा तो ओळखीचा खवटपणा आला. टिपणिसांना बरं वाटलं. म्हणजे तेच, नेहमीचंच. आणि मग त्याच्या मागून दुसरा वास आला. आधी थोडा, मग नाकात ठाण मांडून बसणारा. वशाट, करपट. डोळ्यांच्या कडा चुरचुरू लागल्या.

हा लाकडाचा वास नव्हता, सरसाचा होता. स्वस्त कपाटांच्या फळ्या भुसा आणि सरस एकत्र दाबून करतात, त्या जळल्या की असा वास सुटतो. कागदाच्या गिरणीत त्यांनी हा सरस जवळून पाहिला होता. तो वाफेवाटे श्वासात जाऊ देऊ नये, हे तिथे भिंतीवर लिहिलेलं होतं.

त्यांनी स्टोव्ह बंद केला. खिडकी उघडली. मग वाकून पिशवीच्या तळाशी मारलेला शिक्का वाचला. १४ डिसेंबर.

"आला ना?" वसुधाताईंनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"बघतो मी, ताई," टिपणीस म्हणाले. "कारखान्यात जाऊन तपासून बघतो."

"मी काय विचारलं, टिपणीस?"

"तपासून सांगतो."

त्यांनी मूठभर कांड्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घेतल्या. निघताना वसुधाताई दारात उभ्या राहिल्या. "मला तुमच्याकडून लिहून हवंय," त्या म्हणाल्या. "दोन ओळी पुरेत. अनयला दाखवायला."

*

चौदा डिसेंबरला ते कारखान्यात नव्हते. नीलाचं औषध होतं. परतताना रस्त्यावर बर्फ साचला, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, घरी पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते कामावर हजर. टेबलावर आदल्या दिवशीच्या मालाचा तक्ता पडला होता. ओलावा, लांबी, वजन, धूळ आणि शेवटचा रकाना वासाचा. तो रकाना त्यांनीच डेलच्या मागे लागून छापून घेतला होता. आकडे रात्रपाळीच्या माणसाने भरले होते. नमुना बरणीत ठेवलेला होता. बरणीचं झाकण उघडायचं, हातावर चार कांड्या चोळायच्या आणि हुंगायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. त्यांचे डोळे मिटत होते. त्यांनी वासाच्या रकान्यात 'नॉर्मल' लिहिलं आणि खाली सही केली.

घरी आल्यावर नीलाने त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढ्यात खुर्ची ओढून बसली. तिला सांगणं त्यांना जड गेलं, पण सांगितलं.

"चौदा डिसेंबर," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या औषधाचा दिवस."

"हो."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसं? झोप माझी होती, सही माझी."

नीलाची बोटं टेबलावर होती, सांध्यांशी लालसर सुजलेली. पुढचं औषध अजून तीन आठवड्यांनी होतं.

"डेलला सांगितलं तर तो मला ठेवेलच असं नाही," टिपणीस म्हणाले. "तुझं औषध..."

"माझ्या दुखण्याच्या आड तुम्ही लपू नका," नीला शांतपणे म्हणाली. "ते माझं आहे, माझ्यापाशी राहू दे. तिकडे ती बाई वेडी ठरतेय."

"आणि नोकरी गेली तर?"

"तर दुखेल. आधी दुखत नव्हतं का?"

ती उठली आणि कुकर लावायला लागली. झाकण बसवताना तिचा हात दोनदा घसरला. टिपणीस मदतीला उठले तेव्हा तिने मान हलवून त्यांना बसवलं.

*

डेलचं ऑफिस शेडच्या वरच्या मजल्यावर होतं. टिपणिसांनी कांड्यांची पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. डेलने पिशवी उघडली नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्या हिवाळ्यात तोही बारा-बारा तास उभा होता आणि त्याच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"त्या दिवशी दोन ट्रक घेतले होते मी," तो म्हणाला. "कपाटांच्या फॅक्टरीतून. ते म्हणाले, लाकडाचा भुसा. कसल्या लाकडाचा, ते मी विचारलं नाही. चार्ली, गेटवर एक माणूस उभा होता, त्याच्या घरी नऊ दिवसांचं बाळ होतं. मी काय करायला हवं होतं?"

तो माणूस आदल्या दिवशीही गेटवर आला होता, टिपणिसांनी त्याला पाहिलं होतं.

"तक्त्यावर सही कुणाची आहे?" डेलने विचारलं.

"माझी."

"मग?"

"म्हणून तर मीच सांगायला आलो."

डेल खिडकीतून खाली बघत राहिला. खाली फोर्कलिफ्ट पिशव्यांची चळत उचलून ट्रकवर ठेवत होती. "ज्यांनी फोन केले, त्यांच्या पिशव्या बदलून दे," तो शेवटी म्हणाला. "लिहून काही द्यायचं नाही."

"आणि ज्यांनी फोन केला नाही?"

"त्यांना वास येत नसेल."

"ते श्वास तर घेतायत, डेल."

डेलने मान वळवली नाही. टिपणीस जिना उतरून खाली आले. त्यांनी वही काढली, तो शिक्का असलेला माल ज्या सात दुकानांत गेला होता त्यांचे नंबर शोधले आणि एकेकाला फोन लावला. चौदा डिसेंबरच्या पिशव्या विकू नका. विकल्या असतील तर गिऱ्हाइकाला कळवा, पेटवू नका म्हणावं. कुणी विचारलं की कोण बोलतंय, तर ते पूर्ण नाव सांगत. टिपणीस हे आडनाव दुकानदारांना झेपत नव्हतं. त्यांनी प्रत्येकाला एकेक अक्षर करून ते लिहून घ्यायला लावलं. सातवा फोन संपला तेव्हा पाठ अवघडली होती आणि जेवणाची सुट्टी केव्हाच टळून गेली होती.

डेलच्या कानावर ते संध्याकाळच्या आत गेलं. त्यानंतर महिनाभर तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही.

*

शनिवारी ते वसुधाताईंकडे पोचले तेव्हा ड्राइव्हवेमध्ये भाड्याची गाडी उभी होती. अनयने दार उघडलं. पंचेचाळिशीचा, बापासारखा उंच माणूस, डोळे झोपेला आसुसलेले. आत सोफ्यावर दोन सूटकेस उघड्या पडलेल्या. वसुधाताई खुर्चीत बसल्या होत्या, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून.

"काका, प्लीज मनाला लावून घेऊ नका," अनय हलक्या आवाजात म्हणाला. "तुम्ही आईसाठी आलात, आय ॲप्रिशिएट इट. पण मी खरंच दमलोय. रोज फोनवर तेच, वास येतो, वास येतो. टेक्निशियनला नाही आला, रॉनला नाही आला. उद्या ती थंडीत गोठून गेली तर मी स्वतःला काय सांगू? तुम्ही आता तिला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका ना."

"बरं वाटावं म्हणून नाही आलो," टिपणीस म्हणाले. "वास आहे."

अनयने सुस्कारा सोडला. "काका..."

"मी त्या कारखान्याचा माणूस आहे. त्या दिवशीच्या मालात कपाटांच्या फळ्यांचा भुसा गेला, सरस मिसळलेला. तो तपासायचं काम माझं होतं. मी हुंगून न बघता सही केली. तुझ्या आईला जो वास आला, तो शंभर टक्के खरा होता. इतक्या घरांतून फोन आले, पण त्याचं नाव बरोबर सांगणाऱ्या या एकट्याच."

त्यांनी खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. कारखान्याचा छापील कागद वापरायला मनाई होती, म्हणून वहीचं पान फाडून त्यावर हाताने लिहिलं होतं. तारीख, शिक्का, काय झालं ते, खाली पूर्ण नाव आणि सही.

अनयने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग स्टोव्हपाशी गेला आणि बटण दाबलं. टाकीत अजून त्या दिवसाच्या कांड्या होत्या. तिघं थांबली. ज्योत धरली, थोडा वेळ गेला, आणि अनयने एकदम तोंड फिरवून डोळे चोळले. त्याने स्वतःच स्टोव्ह बंद केला. खिडकी उघडून तो बाहेर तोंड काढून उभा राहिला, त्या थंडीत, बराच वेळ.

"आई," तो पाठमोराच म्हणाला, "तू या घरात अकरा दिवस अशी राहिलीस?"

"सोळा," वसुधाताई म्हणाल्या. "आज शनिवार ना."

टिपणीस बाहेर आले. गाडीत चांगल्या पेलेटच्या बारा पिशव्या आणल्या होत्या, त्या ते एकेक करून उतरवायला लागले. चौथ्या पिशवीला अनय बाहेर आला आणि त्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. दोघांनी मिळून जुन्या पिशव्या तळघरातून काढल्या. त्या एकोणीस निघाल्या. शेवटची पिशवी गाडीत टाकल्यावर अनयने हात झटकले आणि विचारलं, "काका, तुमच्या नोकरीचं काय होईल?"

"थंडी आहे तोवर माणूस लागतो त्यांना," टिपणीस म्हणाले.

आत गेल्यावर त्यांनी पाहिलं, सूटकेस मिटून भिंतीशी ठेवल्या होत्या. वसुधाताईंनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता आणि त्या अनयसाठी पोहे भिजवत होत्या. रविवारी अनय एकटाच परत गेला.

*

एप्रिलच्या शेवटी डेलने टिपणिसांना वर बोलावलं. म्हणाला, सीझन संपला, पुढच्या हिवाळ्याला कळवतो. दोघांनाही ठाऊक होतं की कळवणार नाही. डेलने हात पुढे केला, टिपणिसांनी तो हातात घेतला. इन्शुरन्स जूनअखेर संपणार होता. त्यांनी गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळांना अर्ज पाठवले. दोन ठिकाणांहून नकाराची पत्रं आली, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. नीलाने डॉक्टरांना विचारून औषधातलं अंतर आठचं दहा आठवडे करून घेतलं. सकाळी उठल्यावर ती अर्धा तास हात गरम पाण्यात बुडवून बसे. ते तिच्याजवळ पेपर वाचत बसत.

मे महिन्यात वसुधाताईंचा फोन आला.

"मी अनयकडे जातेय. घर विकायला लावलंय."

टिपणीस गडबडले. "का हो, ताई? आता तर सगळं..."

"आता जाता येतंय, म्हणून. जानेवारीत त्याने मला नेली असती. आता मी जातेय. आणि खरं सांगू? एकटीने राहायचं म्हणजे रोज उठून आपण ठीक आहोत हे कुणाला तरी दाखवत राहायचं. फोनवर आवाज नीट लावायचा, एक शब्द चुकायचा नाही. थकले मी त्याला. विमानतळावर सोडाल का?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, टिपणिसांनी त्यांना पिट्सबर्गच्या विमानतळावर नेलं. वाटेत वसुधाताईंनी नीलाच्या औषधाची चौकशी केली.

"या महिन्याचं होईल," ते म्हणाले. "पुढचं बघू."

थोड्या वेळाने वसुधाताईंनी हात लांबवून त्यांच्या दंडावर ठेवला आणि पुढचा मैलभर तो तसाच राहू दिला.

सामान दिल्यावर गणवेशातली एक मुलगी व्हीलचेअर ढकलत आली. हातातला कागद बघत नाव उच्चारायची धडपड करू लागली.

"दॅट्स मी," वसुधाताई म्हणाल्या.

"तुमच्या मुलाने बुक केलीय, मॅम. बसा."

वसुधाताईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे. मुलगी जेमतेम विशीची होती, तिला उगाच ओशाळं करण्यात अर्थ नव्हता. त्यांनी खांद्यावरची पर्स काढून खुर्चीत ठेवली. हातातली शिदोरीची पिशवी ठेवली. वरून शाल घडी करून ठेवली. मग टिपणिसांकडे वळून म्हणाल्या, "येते हं. नीलाला म्हणावं, फोन करत जा. मराठीत बोलायला कुणीतरी लागतं."

"हो, ताई. सांभाळून जा."

पुढे तपासणी होती, तिथून आत प्रवाशांनाच सोडत. टिपणीस दोरीशी उभे राहिले. मुलगी रिकामी खुर्ची ढकलत होती, आणि खुर्चीच्या दांड्याला एक हात लावून वसुधाताई तिच्या शेजारून चालत होत्या. सावकाश, पण पाऊल नीट उचलून. मुलीने आपली चाल कमी केली. सामान तपासायच्या सरकत्या पट्ट्यापाशी पोचल्यावर सगळ्यांना बूट काढायला सांगत होते. वसुधाताई स्टुलावर बसल्या. मुलगी मदतीला वाकली, तेव्हा त्यांनी हाताने तिला थांबवलं.

मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी घड्याळ बघितलं. वसुधाताईंनी एका बुटाची नाडी सोडली, बूट काढून ट्रेमध्ये सरळ ठेवला, आणि दुसऱ्या बुटाच्या गाठीला हात घातला.